केसपेपरवरचा कोरा रकाना

आपल्या वस्तीत एखाद्याला टीबी झाला, तर त्याचे नाव सरकारी दवाखान्यात नोंदले जाते. गोळ्या घ्यायला तो आला नाही, तर आरोग्य कर्मचारी घर शोधत येतो. बाळाची लस चुकली, तर आशाताई दारात उभी राहते. हे चांगलेच आहे. पण त्याच गल्लीत एखादा तरुण चार महिन्यांपासून घराबाहेर पडत नाही, एकटाच पुटपुटतो. एखाद्या बापाचे हात सकाळची क्वार्टर घेतल्याशिवाय स्थिर राहत नाहीत. एखादी सून रात्ररात्र जागते आणि मरणाच्या गोष्टी बोलते. यांच्या दारात सहसा कोणी येत नाही. त्याची कारणे बरीच आहेत. त्यातले एक अगदी साधे आहे: त्यांचे नाव कोणत्याच रजिस्टरवर चढलेले नसते. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी औषध मागवले जात नाही, डॉक्टरचे पद भरले जात नाही आणि पैसाही मंजूर होत नाही.

नोंदीचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९६१ च्या जनगणनेत ती सुमारे २८ लाख झाली. माणसे तीच होती, त्याच वस्त्यांत राहत होती. रकान्यात काय लिहायचे ते त्यांनी ठरवले, म्हणून ती देशाला दिसली. दवाखान्यातल्या रकान्याचेही तसेच आहे. मनाचे आजार आणि व्यसन यांची नोंद दवाखान्यात कशी होते, कुठे हरवते, ती नीट झाली तर काय बदलते आणि आपण काय करायचे, हे या वेळी आरोग्याच्या पानावर समजून घेऊ.

मोजणी दोन प्रकारची

पहिली मोजणी घरोघरी जाऊन होते. तिला सर्वेक्षण म्हणतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०० प्रौढांमागे १० ते ११ जणांना त्या वेळी मनाचा काही ना काही आजार असल्याचे आढळले. त्याहून मोठी गोष्ट अशी की, आजारानुसार पाहिले तर १०० रुग्णांपैकी ७० ते ९२ जणांना उपचार मिळतच नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

दुसरे मोठे सर्वेक्षण व्यसनांचे. ते दिल्लीच्या एम्सने सर्व राज्यांत केले आणि त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाख लोकांना मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाने उपचार मिळाल्याचे सांगितले. दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेतलेला तर १८० जणांत एक.

हा आकडा आपल्या वस्तीवर ठेवून पाहा. एका वस्तीत दारूच्या आहारी गेलेली ३८ माणसे असतील, तर एकाला कुठेतरी उपचार मिळतो. बाकीची ३७ घरे आपापल्या भिंतीआड झुंजत असतात.

दुसऱ्या प्रकारची मोजणी दवाखान्यात होते. किती रुग्ण आले, कोणत्या आजारासाठी आले, किती दिवस राहिले, पुन्हा किती आले, मध्येच किती सोडून गेले, औषध किती संपले. सर्वेक्षण गरज किती आहे ते सांगते. दवाखान्याचे रजिस्टर सेवा कितीपर्यंत पोचली ते सांगते. या दोहोंमधले अंतर म्हणजे उपचारांची दरी. ती भरायची तर दोन्ही काठ नीट दिसले पाहिजेत. सर्वेक्षण काही वर्षांतून एकदा होते, रजिस्टर मात्र रोज भरले जाते. म्हणून रोजच्या नोंदीला महत्त्व आहे.

एका माणसाची नोंद कशी हरवते

समजा, एक बिगारी काम करणारा भाऊ आहे. वय ३८. दहा वर्षे रोज पितो. पगार झाला नाही किंवा घरच्यांनी कोंडून ठेवले म्हणून अचानक दारू बंद झाली. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, उलट्या होतात, झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी फिट येते. घरचे रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. अपघात विभागातला डॉक्टर विचारतो, "काय झालं?" वहिनी सांगते, "फिट आली." दारूचे नाव ती काढत नाही. शेजारी बसलेले लोक ऐकतील, डॉक्टर हाकलून देईल, असे तिला वाटते. केसपेपरवर लिहिले जाते: फिट, ताप. व्यसनाचा रकाना कोरा.

या भावाला खरे तर काय झाले होते? रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की मेंदूची घडी विस्कटते. सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास होणे, माणसे न ओळखणे, अंगावर किडे चालल्यासारखे वाटणे असा प्रकार होऊ शकतो. यात जीवही जातो. यावर दवाखान्यात ठरलेला उपचार आहे: मेंदू शांत करणारी आणि फिट रोखणारी औषधे, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने, लागेल तसे सलाईन. पण डॉक्टरला दारूचे कळलेच नाही तर हा उपचार उशिरा सुरू होतो किंवा अपुरा होतो.

पुढे काय होते तेही पाहा. चार दिवसांनी भाऊ घरी येतो. डिस्चार्ज कार्डावर फिटची गोळी आहे. मनोविकार विभागाकडे पाठवल्याची चिठ्ठी नाही. आठवड्यात बाटली पुन्हा सुरू. सहा महिन्यांत तो तीनदा दाखल होतो, प्रत्येक वेळी नवा केसपेपर. दवाखान्याच्या हिशेबात हे फिटचे तीन रुग्ण झाले. दारूच्या व्यसनाचा रुग्ण शून्य. वर्षाअखेर कोणी विचारले की इथे व्यसनमुक्तीच्या खाटा लागतात का, तर रजिस्टर म्हणेल, "तसे रुग्ण येतच नाहीत."

एक वहिनी बोलली नाही, एवढ्यावर हे थांबत नाही. विचारणाऱ्याने नीट विचारले नाही, हाही त्यातला भाग आहे. चारचौघांत ओरडून "पितो का?" असे विचारले तर कोण सांगेल? बाजूला घेऊन, आवाज खाली ठेवून, "भाऊ, शेवटचं कधी घेतली होती?" असे विचारले तर उपचारालाही मदत होते आणि नोंदही खरी होते. जागतिक आरोग्य संघटनेने दारूबद्दल विचारायचे दहा प्रश्न तयार केले आहेत. किती वेळा, किती, सकाळी उठल्याबरोबर लागते का, घरच्यांनी काळजी बोलून दाखवली का, अशा स्वरूपाचे. पाच मिनिटांत होतात. ते परिचारिका किंवा समुपदेशकही विचारू शकतात.

कोड म्हणजे काय

मोठ्या दवाखान्यांत आजाराचे नाव एका ठरलेल्या खुणेत बदलून संगणकात भरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आजार-यादीत मनाचे आजार आणि व्यसने 'एफ' अक्षराखाली येतात. दारूमुळे होणारे मनाचे विकार एफ १०, अफू-गर्दसारख्या पदार्थांचे एफ ११, तंबाखूचे एफ १७, छिन्नमनस्कता एफ २०, नैराश्य एफ ३२. खूण एकच असली की नागपूरच्या मेडिकलमधली आणि मुंबईच्या सायन रुग्णालयातली आकडेवारी शेजारी ठेवून वाचता येते.

पण खूण लिहिण्याआधी निदान लिहावे लागते. केसपेपरवर फक्त 'पोटदुखी', 'अशक्तपणा', 'पडून मार लागला' एवढेच असेल, तर खूण त्याचीच पडते. आपल्या बायाबापड्यांचे असेच होते. झोप नाही, अंग दुखते, छाती धडधडते, जेवण जात नाही, असे सांगत त्या मेडिसिनच्या ओपीडीत फिरत राहतात. रक्ताच्या गोळ्या मिळतात. मनाचे कोणी विचारत नाही आणि नैराश्याच्या रकान्यात त्या कधीच येत नाहीत. मिश्री लावणाऱ्या बाईला तर व्यसन आहे असे ना तिला वाटते, ना लिहिणाऱ्याला.

नोंद खरी झाली तर काय बदलते

१. औषधे मिळतात. सरकारी दवाखान्यात पुढच्या वर्षाची मागणी बहुधा मागच्या वर्षीच्या खपावरून ठरते. मनाच्या आजाराची गोळी दवाखान्यात संपली, लोकांनी बाहेरून विकत घेतली, तर कागदावर खप कमी दिसतो. मग पुढच्या वर्षी मागणीही कमी जाते आणि गोळी आणखी लवकर संपते. हे चक्र तोडायचे असेल तर 'औषध शिल्लक नाही' ही गोष्टसुद्धा लिहिली गेली पाहिजे. म्हणून चिठ्ठीवर तसा शेरा मागावा.

२. ओपीडीचा वार आणि वेळ बदलता येते. मनोविकाराची ओपीडी आठवड्यातून एकदाच, तीही सकाळी असेल, तर नाक्यावर काम करणाऱ्याचा पूर्ण दिवसाचा रोज बुडतो. तो एकदा येतो, दोनदा येतो, मग येत नाही. आळशी आहे, त्याला सुधारायचेच नाही, असा शिक्का बसतो. पहिल्या भेटीनंतर महिनाभरात किती जण परत आले, एवढा एक आकडा जरी दर महिन्याला काढला, तरी दोष माणसात आहे की वेळेत, हे कळू लागते.

३. कोण येत नाही ते दिसते. ओपीडीत शंभर पुरुष आणि दोन बाया येत असतील, तर बायांना व्यसन नाही असा अर्थ लगेच काढू नये. त्यांना येणे जमत नाही, असाही अर्थ असू शकतो. मुलांचेही तसेच. २०१९ च्या त्या अहवालात नाकाने ओढायच्या पदार्थांचे, म्हणजे सोल्युशन, व्हाइटनर यांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत जास्त आढळले होते. ही मुले दवाखान्याच्या यादीत दिसत नसतील, तर त्यांच्यासाठी दवाखान्याने वस्तीत आणि शाळेत आले पाहिजे.

४. जीव वाचतात. शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण घ्या. १९९५ च्या सुमारास तिथे आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक होते. शेतीतली विषारी औषधे हे त्याचे मोठे कारण होते. दवाखान्यांनी विषबाधेच्या रुग्णांची काटेकोर नोंद ठेवली. कोणत्या औषधाने माणसे जास्त दगावतात ते त्यातून दिसले. त्या आधारावर सरकारने टप्प्याटप्प्याने घातक औषधांवर बंदी आणली. वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. केसपेपरवर नीट लिहिलेल्या एका ओळीची ही ताकद आहे.

जीव देण्याचा प्रयत्न: लपवाल तर उपचार हुकतो

आपल्याकडे आत्महत्यांचा आकडा पोलिसांच्या नोंदीवरून राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग काढतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी जीव दिला. त्यांत महाराष्ट्रातले २२,७४६ होते, सर्व राज्यांत सर्वांत जास्त. देशातल्या त्या मृतांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवर काम करणारे होते. हा आकडा आपल्या वस्त्यांचा आहे, हे वेगळे सांगायची गरज नाही.

पण प्रयत्न करून जे वाचतात त्यांची पूर्ण मोजदाद होत नाही. घरचे पोलिसांच्या भीतीने सांगतात, "चुकून औषध पोटात गेलं." पोट धुतले जाते, माणूस घरी येतो. त्याच्या मनात काय चालले होते हे कोणी विचारत नाही. आधी प्रयत्न केलेल्या माणसाला पुढेही धोका जास्त असतो. म्हणजे ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, तोच यादीतून गळतो.

ही भीती कमी व्हावी म्हणून कायदा बदलला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने कलम ३०९ राहिलेले नाही. पोलीस जबाब घ्यायला येतील, पण गुन्हेगार म्हणून नव्हे. तेव्हा डॉक्टरला खरे सांगा आणि घरी सोडण्याआधी मनोविकार तज्ज्ञांना दाखवा, असा आग्रह धरा.

न मोजलेल्यांचे काय होते

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खासगी आश्रमाला आग लागली. तिथे मनाच्या आजाराचे रुग्ण साखळदंडाने बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण जळून मेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि अशा ठिकाणांची जिल्हावार पाहणी करायला सर्व राज्यांना सांगितले. म्हणजे तोवर कुठे, किती, कोणत्या अवस्थेत माणसे ठेवली आहेत, याचा हिशेबच नव्हता.

आजही वस्तीतल्या भिंतींवर 'खात्रीशीर दारू सोडवा' अशा जाहिराती दिसतात. घरच्यांकडून पैसे घेऊन माणसाला उचलून नेणारी केंद्रे आहेत. माणूस कुठे ठेवला, कोणती औषधे दिली, मारहाण झाली का, याचा कागद घरच्यांना मिळत नाही. कायद्याप्रमाणे मनोविकाराचे रुग्ण ठेवून उपचार करणाऱ्या प्रत्येक केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. साखळीने बांधायला पूर्ण मनाई आहे. रुग्णाला आवरून धरावे लागले तर त्याचे कारण आणि वेळ लिहून ठेवावी लागते. त्यामुळे पैसे भरण्याआधी दोन कागद मागा: नोंदणीचे प्रमाणपत्र आणि उपचाराची नोंद. कागद न दाखवणाऱ्या केंद्रात आपला माणूस ठेवू नका. चहात गुपचूप पावडर टाकणे तर मुळीच नको. काही औषधांवर दारू प्यायली तर जिवावर बेतते.

आकडा वाचतानाची सावधगिरी

आकडा खरा असला तरी तो चुकीचा वाचला जाऊ शकतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

भेटी आणि माणसे यांत फरक आहे. एका ओपीडीत महिन्याला १०० भेटी झाल्या, याचा अर्थ १०० माणसे आली असा नाही. २५ माणसे चार-चार वेळा आली असतील. म्हणून 'नवे किती, जुने किती' हे वेगळे विचारावे.

दुसरे म्हणजे, नवीन ओपीडी सुरू झाली की रुग्णांचा आकडा वाढतो. त्याचा अर्थ आजार वाढला असा नसतो. आधी लपलेले पुढे आले, एवढाच अर्थ असतो. 'अमुक वस्तीत व्यसनी जास्त' असा मथळा कोणी छापला, तर विचारा: तिथे घरोघरी पाहणी झाली होती का? आणि श्रीमंत सोसायटीतल्या माणसाचे उपचार खासगी दवाखान्यात गुपचूप होतात, ते या आकड्यात आहेत का? सरकारी रजिस्टर भरते ते गरिबांनी. त्यावरून गरीब वस्तीच वाईट, असे ठरवणे म्हणजे आपल्या आजाराने आपल्यालाच बदनाम करणे होय.

जातीच्या नोंदीचा प्रश्न इथेच येतो. खिडकीवर जात विचारली की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण वागणूक बदलते हा अनुभव आहे. पण कुठेच नोंद नसेल, तर भेदभाव होतो की नाही हेही सिद्ध करता येत नाही. आमचे मत असे आहे: उपचाराच्या खिडकीवर कोणालाही जात सांगण्याची सक्ती नसावी. नाव न लिहिता होणाऱ्या सर्वेक्षणात मात्र ती विचारावी आणि निष्कर्ष जाहीर करावेत. कायद्याच्या कलम १८ मध्ये मानसिक आरोग्य सेवेत जातीवरून भेदभाव करायला स्पष्ट मनाई आहे. ती पाळली जाते का, हे तपासायलाही आकडेच लागतील.

लाज कुणी धरायची?

आमच्याशी बोलताना अनेक घरे एक गोष्ट हळू आवाजात सांगतात: "आपण बौद्ध. पाचवे शील रोज म्हणतो. मग घरात दारूडा आहे हे विहारात कसं सांगायचं?" ही अडचण खरी आहे. पण शील हे आचरणासाठी आहे, माणसाला लपवण्यासाठी नाही. व्यसन जडलेल्या माणसाच्या मेंदूत बदल झालेला असतो. नुसत्या शपथेने तो भरून येत नाही, त्याला उपचार लागतात. आपल्या देशाच्या कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मनोविकारांना मानसिक आजारांत धरले आहे. बाटली पुन्हा सुरू झाली तर त्याने शील मोडले म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली की आपण त्याला डॉक्टरकडे नेतो. इथेही तेच करायचे.

आपले हक्क

- माहिती गुप्त ठेवणे: मानसिक आजाराची माहिती दवाखान्याने गुप्त ठेवायची आहे. कायद्यात सांगितलेले मोजके अपवाद सोडून ती मालकाला, शेजाऱ्याला, वर्तमानपत्राला देता येत नाही.
- कागद मिळणे: आपल्या उपचाराची मूळ नोंद पाहण्याचा आणि मिळवण्याचा रुग्णाला हक्क आहे. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत, असा डॉक्टरांसाठी नियम आहे.
- मोफत उपचार: दारिद्र्यरेषेखालील, निराधार किंवा बेघर मनोरुग्णाला सरकारी ठिकाणी मोफत उपचार मिळाले पाहिजेत, पिवळे कार्ड हातात असो वा नसो.
- व्यसनी माणसाला संरक्षण: अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.
- आभा क्रमांक: १४ अंकी आभा आरोग्य क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. आपली नोंद दुसऱ्या दवाखान्याला दाखवायची तर आपली संमती लागते. मोबाइलवर संमतीचा संदेश आला की न वाचता 'हो' दाबू नका.

वस्तीने काय करावे

१. प्रत्येक घरात एक फाइल ठेवा. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावा. दरवेळी नवा केसपेपर काढू नका, जुना दाखवा. त्यामुळे एकच माणूस तीन माणसे म्हणून मोजला जाणार नाही.

२. डॉक्टरला चार गोष्टी न विचारता सांगा: काय घेतो, किती घेतो, किती वर्षे घेतो, शेवटचे कधी घेतले.

३. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी कोंडून एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरला दाखवा. फिट, भास किंवा बरळणे सुरू झाले तर वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात न्या.

४. महिला मंडळाने किंवा तरुण मंडळाने दोन-तीन सोबती ठरवावेत, जे ओपीडीच्या दिवशी रुग्णासोबत जातील. त्यांनी रुग्णाचे नाव विहारात, कट्ट्यावर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर काढायचे नाही. ही पहिली अट. वस्तीने स्वतःहून 'व्यसनींची यादी' मात्र कधीच करू नये. तिचा गैरवापर होतो.

५. माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली आपल्या सरकारी रुग्णालयाकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. विचारायचे ते असे: गेल्या आर्थिक वर्षात मनोविकार ओपीडीत नवे रुग्ण किती, जुने किती? त्यांत स्त्रिया किती, १८ वर्षांखालील किती? व्यसनाचे रुग्ण किती? मनोविकार तज्ज्ञ, समुपदेशक, परिचारिका यांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती? कोणती औषधे किती दिवस शिल्लक नव्हती? कोणाचेही नाव मागू नका. ते मिळणार नाही आणि मिळूही नये.

६. मिळालेले उत्तर रुग्ण कल्याण समितीपुढे आणि आपल्या नगरसेवकापुढे ठेवा. 'आमच्या वस्तीकडे लक्ष द्या' अशा अर्जापेक्षा 'तीन पदे मंजूर, एक भरलेले, औषध चार महिने नव्हते' असा अर्ज फेटाळणे अवघड असते.

रविवारच्या सभेत चर्चेसाठी

- आपल्या सर्वांत जवळच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता असते? ती वेळ कामावर जाणाऱ्याला जमते का?
- गेल्या वर्षभरात औषध मध्येच सोडावे लागले असे कोणाच्या घरी झाले? कारण काय होते? ज्यांना सांगायचे आहे त्यांनीच सांगावे.
- एखादी बाई उदास आहे, मिश्री किंवा झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेली आहे, तर ती आधी कोणाशी बोलेल? ती व्यक्ती आपण तयार केली आहे का?

मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६. दोन्ही क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कोणी जीव देण्याची भाषा करत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. क्रमांक लावून द्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पुढच्या वेळी ओपीडीच्या खिडकीवर जाल तेव्हा केसपेपर हातात आल्यावर एकदा वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. जे सांगितले ते लिहिले आहे का, पाहा. नसेल तर नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, हेही लिहा."